वाडा रिकामा होताना

पेठेतला एखादा वाडा किंवा दादर-पार्ल्यातली जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, की शेवटच्या दीड-दोन महिन्यांत जिन्याखाली सामान जमायला लागतं. वेत फाटलेली आरामखुर्ची, जाळीचं दुधाचं कपाट, तांब्याचा बंब, पाट-चौरंग, मच्छरदाणीच्या दांड्यांचा पलंग. भाड्याच्या वन बीएचकेत हे मावत नाही, आणि नव्या टॉवरमध्ये तर सगळी कपाटं भिंतीतच बसवून घ्यायची असतात. मग भंगारवाला येतो. तांबं-पितळ किलोवर नेतो आणि सागवानी कपाट सरपणाच्या भावात टेम्पोत चढतं.

अमेरिकेत घरातलं वडीलधारं माणूस गेलं किंवा घर मोडायचं ठरलं, की सगळं सामान किमतीच्या चिठ्ठ्या लावून दोन-तीन दिवस घरातच विक्रीला मांडतात. त्याला इस्टेट सेल म्हणतात. तिकडची मराठी मंडळीही शनिवारी सकाळी अशा विक्रीला जाऊन जेवणाचं टेबल नाहीतर दिवाणखान्यातला दिवा घेऊन येतात. आपल्याकडे असं मांडून कुणी विकत नाही. घर रिकामं होतं ते फोनवर, ‘बघा, तुमच्यात कुणाला हवं असेल तर’ अशा मोघम बोलण्यात. त्यामुळे जुन्या सामानाची हौस असेल तर आधी कान उघडे ठेवायचे, पाकीट नंतर.

बातमी सगळ्यात आधी कुणाला लागते? सोसायटीच्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, आणि त्या भागातल्या पॉलिशवाल्याला. ह्यातला पॉलिशवाला सोन्यासारखा माणूस. कुणाच्या घरी शिसवी टेबल आहे, कुणाचं कपाट नुसतं वरून सागवानी आहे, हे त्याला हात लावून माहीत असतं. चार दुकानदारांपेक्षा अशा एका माणसाशी ओळख ठेवलेली बरी. त्याला आधीच सांगून ठेवा आणि काम झालं की त्याचे पैसे द्यायला विसरू नका.

वेळही साधावी लागते. करार नुकताच झालेला असताना विचारलं तर प्रत्येक खुर्चीत आजोबा बसलेले असतात आणि किंमत त्यांच्यासकट सांगितली जाते. घरं खाली करायची तारीख ठरली, भाड्याची रक्कम खात्यात आली, पॅकर्सवाला माप घेऊन गेला, की सूर बदलतो. पण फार थांबलात तर तेही वाया. वाड्याचे खांब, तुळया, कोरीव चौकटी, दरवाजे बहुतेक वेळा पाडकाम करणाऱ्या कंत्राटदाराच्या हिशेबात धरलेले असतात. त्याने ताबा घेतल्यावर घरमालकाने ‘घेऊन जा’ म्हटलं तरी ते मालकाचं राहिलेलं नसतं. म्हणून दरवाजा हवा असेल तर पहिला प्रश्न एकच: हा दरवाजा तुमचा की कंत्राटदाराचा? त्याचा असेल तर त्याच्याशीच बोला. पुण्यात असं जुनं सागवान पुढे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बाजूला जातं आणि घनफुटावर विकलं जातं. कोरीवकाम त्यात आपसूक कापलं जातं.

घरात शिरल्यावर वागायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. कुणी नुकतं गेलेलं असेल त्या घरात पहिल्याच भेटीत टेप काढू नये. ‘काकू, ह्यातलं काय ठेवणार आहात?’ असं विचारावं. ‘काय विकणार’ असं नव्हे. काकू स्वतःच सांगतात की चार पाट लेकीला, समई सुनेला, आणि हे कपाट कुणालाच नको. भाव मुलाशी ठरवावा, आजीसमोर नाही. तिच्यासमोर ‘हे तर किडलंय’ असं म्हणणं वाईट दिसतं आणि सौदाही बिघडतो. वस्तू सामाईक असेल तर तीन भावंडांपैकी एकाने होकार दिला म्हणजे काम झालं असं समजू नका. एक पुण्यात, एक ठाण्यात, एक न्यू जर्सीत असतं आणि झोपाळ्याच्या पितळी कड्यांची आठवण नेमकी न्यू जर्सीला येते. भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून सगळ्यांचा होकार घ्यायला सांगा, मगच आगाऊ रक्कम द्या. आणि उचलण्याआधी प्रत्येक खण त्यांच्यासमोर रिकामा करा, कागद अंथरलेला असेल तर तोही उचलून. खालून पोस्टाची पासबुकं, कागदी शेअर सर्टिफिकेटं, जन्मपत्रिका, कधी सोन्याचा मणी निघतो. हे सगळं तिथल्या तिथे परत करायचं.

आता पारख. जुन्या वस्तूबरोबर गोष्ट येतेच: पेशवाईतली आहे, साहेबाच्या बंगल्यातली आहे, पणजोबांनी ब्रह्मदेशाहून आणली. गोष्ट ऐकून घ्या, चहाबरोबर चांगली लागते. पैसे मात्र लाकडाचे आणि जोडांचे मोजायचे. विकणारा खोटं बोलत असतो असं नाही. त्याला ती गोष्ट तशीच सांगितली गेलेली असते, आणि लाकडाला स्वतःची साक्ष देता येते.

खिशात टॉर्च, लोहचुंबक, टेप, जुना टूथब्रश आणि थोडा कापूस-स्पिरीट असलं की पुरे. कपाट बघताना दर्शनी बाजू शेवटी बघा. आधी खण पूर्ण बाहेर ओढून उलटा करा. खणाचा तळ आणि मागची फळी ह्यांना पॉलिश नसतं, त्यामुळे लाकूड तिथे खरं दिसतं. सागाचा रंग सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आणि नखाने खरवडलं की कातड्यासारखा वास येतो. शिसवी लाकूड जांभळट-काळसर, त्यात गडद रेघा, आणि वजनाला सागापेक्षा चांगलंच जड. शिसवी म्हणून दाखवलेली खुर्ची एका हाताने सहज उचलली गेली तर ती साध्या लाकडाला काळं पॉलिश मारून तयार केलेली असण्याची शक्यता मोठी. फळीच्या कडेकडे बघा. अखंड फळी असेल तर वरची रेघ कडेवरून खाली उतरताना दिसते. प्लायवूडच्या कडेला थर दिसतात. थर झाकायला लावलेली पट्टीही दिसते, फक्त टॉर्च तिरका धरावा लागतो.

मग खणाचे कोपरे. पुढची फळी आणि बाजूची फळी एकमेकींत दातेरी खाचांनी अडकवलेली असते. हाताने केलेल्या जोडात हे दाते थोडे लहान-मोठे असतात, आणि सुताराने खूण करायला मारलेली बारीक रेघही राहिलेली असते. सगळे दाते अगदी एकसारखे असतील तर ते मशीनचं काम. ते वाईट नव्हे, पण शंभर वर्षांच्या भावाने घेऊ नये. कोपऱ्यात नुसते खिळे मारलेले असतील तर कपाट कितीही देखणं असो, खण दोन वर्षांत हातात येईल. टेबलाच्या खालून बोटं फिरवा. हातरंध्याने घासलेल्या फळीवर बोटांना हलक्या लाटा लागतात, मशीनची फळी काचेसारखी सपाट लागते. गोल टेबल खरोखर जुनं असेल तर टेपने दोन्ही दिशांनी मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे जुन्या गोल टेबलात दोन मापांत काही मिलिमीटरचा फरक पडतो. नव्याला जुनं करून विकणाऱ्याला ही गोष्ट सहसा सुचत नाही. स्क्रूही बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकात अमेरिकेत आला. १९१० सालचं म्हणून सांगितलेल्या कपाटात सगळेच स्क्रू तसे आणि चकचकीत असतील तर गोष्टीत कुठेतरी पाणी आहे. एखाददुसरा असेल तर ती दुरुस्ती, त्याला हरकत नाही.

पॉलिशची परीक्षा सोपी. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरीटचा कापूस दाबून धरा. चिकट झालं आणि कापसाला तपकिरी रंग आला तर ते चपडीचं जुनं फ्रेंच पॉलिश आहे. असं पॉलिश सांभाळण्यासारखं. नुसतं साफ करून त्यावर पुन्हा हात फिरवता येतो. मेलामाइन मारलेलं असेल तर कापूस कोराच राहतो. ऑइल पेंट फासलेल्या किंवा सनमायका चिकटवलेल्या वस्तूंकडे मात्र लोक नाक मुरडतात, आणि खरा फायदा तिथेच असतो. कपाटं पिस्ता नाहीतर आकाशी रंगात रंगवायची एक लाट कधीतरी आपल्या घराघरांतून गेली, आणि त्या रंगाखाली अस्सल सागवान झोपलेलं असतं. पण हा रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नको असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल सांगता येत नाही, आणि घासताना उडणारी धूळ लहान मुलांना फार वाईट. ओलं करून घासणं, तोंडावर चांगला मास्क, काम घराबाहेर, मुलं लांब.

किडीची भीती सगळ्यांना असते आणि बहुतेक जण चुकीच्या जागी घाबरतात. लाकडावर बारीक भोकं दिसली की वस्तू नाकारायची असं नाही. भोकं जुनी असतील, कडा काळपट पडल्या असतील, तर कीड कधीच निघून गेलेली असते. भोकाच्या खाली पिठासारखा फिकट ताजा भुगा असेल तर कीड आत जिवंत आहे. सागाचा आतला गाभा कीड सहसा खात नाही. ती लागते कडेच्या फिकट लाकडाला आणि मागे स्वस्तात मारलेल्या फळीला. मागची फळी बदलता येते. वाळवीचं प्रकरण वेगळं. पायाच्या तळाशी आणि भिंतीला टेकलेल्या बाजूला बोटाने ठोका. पोकळ आवाज आला आणि नख आत गेलं तर नमस्कार करून बाहेर पडा. गादीकाम केलेला सोफा घ्यायचा तर शिवणी उलटून बघा, ढेकणांचे काळे ठिपके शिवणीतच असतात. जुन्या गाद्या मी फुकट मिळाल्या तरी घेऊ नका म्हणेन.

आणखी एक, जे दुकानात कुणी सांगणार नाही: ऋतू बघून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं. खण अडकतात, पण खुर्चीचे सांधे घट्ट लागतात. तीच खुर्ची एप्रिलमध्ये कुरकुरायला लागते. म्हणून पावसाळ्यात अडकणाऱ्या खणाला घाबरू नका, तो दिवाळीनंतर चालेल. मात्र पावसाळ्यातही जी खुर्ची हलते तिचे सांधे खरंच गेलेत असं धरून सुताराचा खर्च वजा करा. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी फिरकतं. तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल तर घासाघीस तेव्हा सोपी जाते.

घराघरांतून फिरणं जमत नसेल तर बाजार आहेतच. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर चोर बाजारातली जुन्या सामानाची दुकानं आहेत. ती शुक्रवारी बंद असतात. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्याबरोबर ‘जुन्यासारखं’ही भरपूर मिळतं. ‘जुन्यासारखं’ घेण्यात काही पाप नाही. टिकाऊ असेल तर जरूर घ्या, फक्त भाव नव्याचा द्या. ग्रामोफोनच्या बाबतीत तर सरळ संशयच घ्यावा. पितळेचा लखलखीत कर्णा, खाली पॉलिश केलेली पेटी आणि त्यावर कुत्र्याचा बिल्ला, अशी यंत्रं नवे-जुने भाग जुळवून पुष्कळ बनतात. रविवर्म्याच्या छापील चित्रांचंही तसंच. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळची चित्रं दगडावरून एकेक रंग चढवून छापलेली. भिंगातून बघितलं तर रंगाचे कण वेडेवाकडे, दाणेदार दिसतात. हल्लीच्या छपाईत चार रंगांचे ठिपके नीट जाळीत बसवलेले दिसतात. साधं हातातलं भिंगही ह्याला पुरतं.

बाजारात जाण्याआधी एक दुपार पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घालवा. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे संग्रहालय उभं केलं. अडकित्ते, दिवे, चुन्याच्या डब्या, कोरीव दरवाजे असं रोजच्या वापरातलं घरगुती सामान तिथे जितकं आहे तितकं क्वचित कुठे बघायला मिळेल. खरा झिजलेला अडकित्ता डोळ्यांत बसला की बाजारातला ॲसिडने काळवंडवलेला लगेच ओळखू येतो. खरी झीज हाताच्या जागी असते. खोटी झीज सगळीकडे सारखी असते.

भांड्यांना चुंबक लावा. तांबं, पितळ, कासं ह्यांना ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. काशाची थाळी-वाटी बोटांवर तोलून टिचकी मारली की नाद लांबतो. बद्द आवाज आला तर चीर गेलेली असते, आणि काशाची चीर सांधत नाहीत. घंगाळ, हंडा ह्यांचा भाव ठरवताना आधी वजन करा, त्या दिवशीचा भंगाराचा दर विचारा. तो झाला तळ. त्यावर घडणावळीचे, नक्षीचे, मठारकामाचे किती द्यायचे हे तुमची हौस ठरवेल. बंब घेताना पाणी भरून पंधरा मिनिटं ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका. गळती असते ती आतल्या नळीच्या जोडाला, बाहेरून काही कळत नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून हातोडीचं काम चालतं, तिथे बंब दुरुस्त होऊ शकतो. नुसता दारात झाड लावायला हवा असेल तर गळकाच घ्या, स्वस्त पडतो. पितळेच्या पातेल्यात स्वयंपाक करणार असाल तर आधी कल्हई. आमटी-कढीसारखं आंबट कल्हईशिवाय ठेवायचं नाही, हे आज्यांना सांगायला लागत नव्हतं.

कायद्याकडे काणाडोळा करून चालत नाही. १९७२चा पुरातन वस्तू कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू, इतकंच नव्हे तर इमारतीपासून सुटी केलेली तितकी जुनी वस्तूही त्यात येते. वाड्याचा कोरीव खांब म्हणजे नुसतं लाकूड नव्हे, ते असं. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते. पुरातन वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. मूर्तीची नोंदणी आणि मागचा मालक कोण हे कागदावर नसेल तर ती घेऊच नका, ती कुठल्या देवळातून निघाली हे तुम्हाला ठाऊक नसतं. पुरातन वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाला पणजीच्या माजघरातलं कपाट पाठवायचं असेल तर ते पुरातन नाही असा खात्याचा दाखला आधी घ्या. शिसवी असेल तर आणखी एक अडचण: शिसवाच्या सगळ्या जातकुळीचं लाकूड २०१७ पासून सायटीस ह्या वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्याची कागदपत्रं वेगळी. जुन्या बंगल्यातली सांबराची शिंगं, बिबट्याचं कातडं, हस्तिदंत जडवलेली पेटी कितीही देखणी असो, तिचा सौदा करू नये. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. घरगुती खरेदीतही एक साधी चिठ्ठी करून घ्या: कुणी, कुणाला, काय, किती रुपयांना, तारीख, सही, वस्तूचा फोटो. उद्या कुणी चोरीचं म्हणालं तर हीच कामी येते.

पैशांचा हिशेब चार ओळींचा करा: वस्तूची किंमत, टेम्पो आणि हमाली, सुतार, पॉलिश किंवा वेत विणणं. बेरीज त्याच मापाच्या नव्या सागवानी वस्तूच्या निम्म्याच्या वर जात असेल तर ती वस्तू खरोखर मनात भरलेली असावी, नुसती ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून नको. हमाली कमी धरू नका. तिसऱ्या मजल्यावरून लाकडी जिन्याने उतरवणं आणि तुमच्या सातव्या मजल्यावर, लिफ्टमध्ये न मावणारं कपाट चढवणं, हे दोन वेगळे सौदे आहेत. जुनी मोठी कपाटं बहुतेक वेळा सुटी होतात. कोपऱ्यातल्या पाचरी शोधा, हमालाने धक्का देण्याआधी. पलंगाची लांबी-रुंदी घेतल्याशिवाय गादीची ऑर्डर देऊ नका, जुनी मापं आजच्या तयार गाद्यांशी सहसा जुळत नाहीत.

घरी आणल्यावर वस्तू लगेच दिवाणखान्यात नको. बाल्कनीत पंधरा दिवस ठेवा आणि पायांखाली काळा कागद अंथरा. पांढरा भुगा पडला तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवून भोकांत सुईने औषध भरून घ्या. कागद कोराच राहिला तर पॉलिशवाल्याला फोन करा, आणि त्याला बजावून सांगा की आधी साफसफाई, मेलामाइन नाही. दिवा, पंखा, व्हॉल्व्हचा रेडिओ असं विजेचं काही असेल तर प्लगला लावून बघायचा मोह आवरा. कापड गुंडाळलेल्या जुन्या वायरीचं आवरण हात लावला की गळतं, आणि रेडिओतले कपॅसिटर प्लग काढलेला असतानाही झटका देऊ शकतात. मेकॅनिककडे आधी नवी वायर, मग स्विच.